ड्रॉवरमध्ये पडलेलं क्रेडिट कार्ड: ठेवायचं की बंद करायचं?

गेल्या दिवाळीनंतर कोल्हापूरहून मामांचा फोन आला. आवाज चढलेला. "अगं, जे कार्ड मी कात्रीनं कापून टाकलं, त्याची फी कशी काय मागतात ही माणसं?" मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या एका मुलानं 'पहिलं वर्ष फ्री' म्हणत ते कार्ड त्यांच्या गळ्यात मारलं होतं. त्यावर त्यांनी एक मिक्सर घेतला, बिल भरलं आणि पुढे कार्ड नुसतं पाकिटात फिरत राहिलं. एका रविवारी पाकिट आवरताना चिपच्या मधोमध कात्री चालवली आणि विषय संपला असं समजले. वर्ष भरलं आणि स्टेटमेंट आलं: वार्षिक फी ४९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५८८ रुपये ८२ पैसे.

कापलं गेलं ते प्लास्टिक. बँकेकडचं कार्डाचं खातं जिथल्या तिथे होतं.

मामांना हसण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असं एखादं कार्ड असतंच. न वापरलेल्या कार्डाचं दोनपैकी एक करावं: त्याला एखादं बारीकसं काम लावून ठेवावं, नाहीतर रीतसर बंद करावं. आपण करतो तिसरंच, म्हणजे पडून राहू देतो, आणि नुकसान होतं ते त्यात. फी लागते ते दिसतं तरी. न दिसणारी गोष्ट अशी की रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वर्षभराहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँकेनं सुरू करायची असते. आधी तुम्हाला कळवायचं, ३० दिवसांत उत्तर आलं नाही आणि काही देणं नसेल, तर खातं बंद. तो मेसेज तुमच्या जुन्या, सोडून दिलेल्या मोबाइल नंबरवर गेला असेल, तर तुमचं सगळ्यात जुनं कार्ड तुम्हाला न विचारता गेलेलं असू शकतं. निर्णय तुम्ही घेतला नाहीत तर तो असा होतो.

आधी कार्डाची कुंडली मांडा

एक कागद घ्या. कार्ड कधी काढलं, लिमिट किती, वार्षिक फी किती आणि ती कोणत्या महिन्यात लागते, बँकेकडे नंबर आणि ईमेल कोणता नोंदवला आहे, एवढं लिहा. लिमिट आणि फी ॲपमध्ये किंवा जुन्या स्टेटमेंटमध्ये सापडते. 'लाइफटाइम फ्री' असं कार्ड देताना कुणी तोंडी सांगितलं असेल तर त्यावर विसंबू नका. बँकेच्या वेबसाइटवर प्रत्येक कार्डाच्या शुल्काचा तक्ता असतो, तो उघडून बघा. अमुक रक्कम वर्षात खर्च केली तर फी माफ, अशी अट बऱ्याच कार्डांना असते. पण जे कार्ड आपण वापरतच नाही त्याला ती अट लागू पडणार नाही, हे उघड आहे.

नोंदवलेला नंबर जुना असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो बदला. मोबाइल कंपन्या बंद झालेले नंबर काही काळानं दुसऱ्याला देतात. तुमच्या कार्डाचे ओटीपी अनोळखी माणसाच्या खिशात वाजावेत, ही कल्पनाच बरी नाही.

मग क्रेडिट रिपोर्ट काढा, म्हणजे आपण कर्जं आणि कार्डांची बिलं कशी फेडली याची नोंदवही. त्या नोंदींवरून मिळणारे गुण म्हणजे क्रेडिट स्कोअर, आणि कर्ज देताना बँक तो बघते. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात, आणि प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. तो कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. मध्येच पैशांची योजना पुढे केली जाते, ती नको म्हणून पुढे जा. भलत्याच ॲपवर 'फ्री स्कोअर' बघायला गेलात तर पुढचे तीन महिने पर्सनल लोनचे फोन घ्यायची तयारी ठेवा. आपलाच रिपोर्ट आपण बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याचा एक चौकोन असतो. त्यात खातं उघडल्याची तारीख, लिमिट, शिल्लक देणं, आणि खाली महिन्यामहिन्याची एक पट्टी. त्या पट्टीत ००० दिसलं म्हणजे त्या महिन्यात उशीर नाही. एखाद्या महिन्यात ०३० दिसलं, तर देणं तीस दिवस थकलं होतं. न वापरलेल्या कार्डावर असा आकडा असेल तर बहुतेकदा तो अशाच एखाद्या फीचा प्रताप असतो.

स्कोअरचं खरं गणित

कार्ड बंद केलं की स्कोअर पडतो, असं सर्रास सांगितलं जातं. पडू शकतो, पण कशामुळे हे समजलं तर आपल्या बाबतीत पडेल का, याचा अंदाज आपल्यालाच येतो.

मुख्य कारण म्हणजे एकूण लिमिटपैकी आपण किती टक्के वापरतो. समजा तुमच्याकडे दोन कार्डं आहेत. रोजच्या वापरातल्या कार्डाचं लिमिट दीड लाख, पडून असलेल्याचं दोन लाख. महिन्याला ४५ हजारांचा खर्च पहिल्या कार्डावर होतो. दोन्ही कार्डं धरून साडेतीन लाखांपैकी ४५ हजार म्हणजे जेमतेम १३ टक्के. आता दोन लाखांचं कार्ड बंद केलं तर तोच खर्च दीड लाखांपैकी ४५ हजार, म्हणजे ३० टक्के. तुमची सवय तीच, पगार तोच, पण कागदावर तुम्ही जास्त उधारीवर जगणारा माणूस दिसू लागता. साधारणपणे हा आकडा ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असं सांगतात.

उलट, पडून असलेल्या कार्डाचं लिमिट ३० हजारच असेल आणि वापरातल्याचं चार लाख, तर बंद केल्यानं या गणितात काडीचाही फरक पडत नाही. म्हणून आधी स्वतःचे आकडे घालून बघा. मधला एक मार्गही आहे: वापरातल्या कार्डाचं लिमिट आधी वाढवून घ्यायचं आणि मग दुसरं बंद करायचं.

दुसरं कारण खात्याचं वय. जुनं, कधीही न थकलेलं खातं रिपोर्टला वजन देतं. पण कार्ड बंद केलं की त्याचा इतिहास त्याच दिवशी पुसला जातो, हा गैरसमज आहे. बंद खातंही रिपोर्टमध्ये पुढे कित्येक वर्षं दिसत राहतं, त्यातल्या वेळेवर भरलेल्या हप्त्यांसकट. परिणाम होतो तो हळूहळू. तरीही माझा सल्ला सरळ आहे: पहिलंवहिलं कार्ड, विशेषतः दहा-पंधरा वर्षं जुनं आणि बिनफीचं, शक्यतो मोडू नका. तीन कार्डांपैकी कुठलं काढायचं हा प्रश्न असेल तर सगळ्यात नवं, सगळ्यात महाग ते आधी.

'स्कोअर नक्की किती पॉइंटांनी घसरेल?' याचं छातीठोक उत्तर देणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून दुसरा कुठलाही आर्थिक सल्ला घेऊ नका. कंपन्या आपलं सूत्र उघड करत नाहीत.

कर्ज, फी आणि स्वभाव

पुढच्या सहा महिन्यांत होम लोन किंवा गाडीचं कर्ज काढायचं असेल, तर आत्ता कार्डांना हात लावू नका. कर्ज मंजूर होऊन रक्कम हातात पडली की मग आवराआवर करा. एवढ्याशा कारणानं व्याजदर पाव टक्का वर गेला, तर वीस वर्षांच्या कर्जात तो पाव टक्का कुठल्याही कार्डाच्या फीपेक्षा कितीतरी जड पडतो.

फीचा हिशोब सोपा आहे. ९९९ रुपयांची फी जीएसटीसह ११७८ रुपये ८२ पैसे होते. त्या बदल्यात वर्षभरात या कार्डानं मला खरोखर काय दिलं, असं स्वतःला विचारा. विमानतळावरच्या लाउंजमध्ये जाता येतं, पण वर्षभरात विमानात बसलातच नाहीत तर ती सोय दुसऱ्याच्या कामाची. तसंही लाउंजसाठी आता अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असावा लागतो.

फी खटकते पण कार्ड जुनं आहे, अशा वेळी बंद करण्याआधी बँकेला विचारा की याच खात्यावर बिनफीचं साधं कार्ड मिळेल का. काही बँका देतात. मात्र एक प्रश्न विसरू नका: खातं तेच राहणार की नवीन उघडणार? नवीन उघडणार असेल तर जुनेपण वाचवण्याचा हेतूच संपला.

आणि स्वभावाचं काय? हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी घेतला, पण माझ्या लेखी तो सगळ्यांच्या वरचा आहे. हाताशी कार्ड असलं की हात सैल सुटतो, बिल आलं की 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून वेळ मारून नेली जाते, असं तुमचं होत असेल तर वरचं सगळं गणित विसरा आणि कार्ड बंद करा. थकलेल्या रकमेवर बहुतेक कार्डं महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या पुढे व्याज लावतात, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात. त्यापुढे स्कोअरचे दहा-वीस पॉइंट कोण मोजतंय? ते भरून येतात.

एफडीवर घेतलेलं कार्ड असेल तर त्यात आणखी एक धागा आहे. कार्ड बंद केलं की एफडीवरचा बँकेचा हक्क उठतो आणि पैसे मोकळे होतात. पण नुकतीच नोकरी लागलेल्या मुलाचं किंवा मुलीचं ते एकमेव कार्ड असेल तर दुसरं मिळेपर्यंत ते राहू द्यावं.

ठेवायचं ठरलं तर

त्याला काम लावा. माझं २०११ चं एक कार्ड आहे, लिमिट जुनाट, सवलती शून्य, फीही शून्य. त्यावर फक्त एक ओटीटीची वर्गणी जाते, आणि बिलाची पूर्ण रक्कम बचत खात्यातून आपोआप वळती होते. 'पूर्ण रक्कम' हे शब्द सेटिंगमध्ये नीट बघून निवडा, तिथे 'किमान रक्कम' हाही पर्याय असतो आणि घाईत तोच निवडला जातो. रुपे क्रेडिट कार्ड असेल तर ते यूपीआय ॲपला जोडून वाण्याच्या क्यूआरवर दोन-तीन महिन्यांतून एकदा साबण-तेल घेतलं तरी भागतं. माणसाला पैसे पाठवायला मात्र ते चालत नाही, दुकानदारालाच.

मग ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार बंद करा, एटीएममधून रोख काढणं बंद करा, टॅप करून पैसे देणं नको असेल तर तेही. ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा वर्गणीपुरती आणून ठेवा. ही बटणं प्रत्येक बँकेला द्यावीच लागतात. आणि कॅलेंडरमध्ये एक नोंद: फीच्या महिन्याआधीचा महिना, 'कार्ड बघणे'.

बंद करायचं ठरलं तर

इथे क्रम महत्त्वाचा. लोक आधी बँकेला फोन लावतात आणि मग एकेक गोष्ट आठवत बसतात.

सुरुवात रिवॉर्ड पॉइंटपासून. कार्ड बंद झालं की पॉइंटही सहसा जातात. ते स्टेटमेंटमध्ये वळते करून घ्या किंवा व्हाउचर घ्या. काही बँका त्यासाठीही थोडं शुल्क लावतात, म्हणून दीडशे रुपयांच्या पॉइंटसाठी शंभर रुपये जात असतील तर सोडून द्या.

नंतर कार्डावर आपोआप जाणारी देणी शोधा. गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं ओळीनं बघणं हाच खात्रीचा उपाय, कारण वर्षातून एकदाच जाणारी देणी तीन महिन्यांच्या स्टेटमेंटात दिसत नाहीत. विम्याचा हप्ता यात असेल तर आधी तो दुसरीकडे वळवा. कार्ड बंद झालं म्हणून हप्ता अडला, मुदत उलटली आणि टर्म पॉलिसीच लॅप्स झाली, यासारखी महाग चूक नाही. फास्टॅगचं ऑटो रिचार्जही तपासा, नाहीतर ते खालापूरच्या टोलनाक्यावर कळतं.

एखाद्या वस्तूचा ईएमआय चालू असेल तर तो पूर्ण फेडावा लागेल. मुदतीआधी फेडण्याचं शुल्क असतं. तीन-चारच हप्ते उरले असतील तर ते संपू देणं स्वस्त पडतं. रद्द केलेल्या तिकिटाचा किंवा परत पाठवलेल्या वस्तूचा रिफंड यायचा असेल तर तोही येऊ द्या. घरच्यांच्या नावानं घेतलेलं ॲड-ऑन कार्ड मूळ कार्डाबरोबरच बंद होतं, तेव्हा त्यांना आधी सांगा. दुकानात कार्ड चाललं नाही म्हणून बायकोचा, नवऱ्याचा किंवा मुलाचा फोन येण्यापेक्षा ते बरं.

आता देणं शून्य करा. फक्त बिलावर छापलेली रक्कम पुरत नाही. बिलानंतरचे व्यवहारही त्यात धरा, आणि मागच्या महिन्यात रक्कम थकली असेल तर त्यावरचं व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये येतं. म्हणून बँकेला 'आज बंद करायचं तर एकूण किती भरू?' असं स्पष्ट विचारा. जुनी थकबाकी असेल आणि वसुलीवाला 'इतके द्या, सेटलमेंट करून टाकू' म्हणत असेल तर सावध व्हा. थोडे पैसे वाचतात, पण रिपोर्टवर 'सेटल्ड' हा शेरा पडतो आणि पुढचा प्रत्येक कर्जदाता तो वाचतो. ऐपत असेल तर पूर्ण भरा.

मग बंद करण्याचा अर्ज. हेल्पलाइन, ईमेल, आयव्हीआर (फोनवर आकडे दाबून चालणारी यंत्रणा), वेबसाइटवर ठळक दिसणारी लिंक, नेट बँकिंग, मोबाइल ॲप असे मार्ग बँकेनं उपलब्ध ठेवायचे असतात. 'अर्ज पोस्टानं पाठवा' असा हट्ट बँकेला धरता येत नाही. मला ईमेल आवडतो, कारण त्यावर तारीख असते. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे लिहा, पूर्ण नंबर नको. मजकूर दोन ओळींचा पुरे: हे कार्ड खातं कायमचं बंद करावं, आणि बंद झाल्याचं लेखी कळवावं. पिन, सीव्हीव्ही, ओटीपी यातलं काहीही कार्ड बंद करायला कुणी मागितलं तर फोन ठेवून द्या.

एक-दोन दिवसांत गोड आवाजात फोन येतो. 'मॅडम, इतके जुने कस्टमर आहात तुम्ही, यंदाची फी रिव्हर्स करून देते.' ऐकून घ्यायला हरकत नाही, कधीकधी सौदा खरंच बरा असतो. पण विचारा: फक्त यंदाची की कायमची? त्यासाठी काही खर्च करावा लागेल का? आणि लेखी मिळेल का? 'त्यापेक्षा अपग्रेड करून देऊ का' याला नको असेल तर स्वच्छ नाही म्हणा. 'बघू' म्हणू नका. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड अपग्रेड करून शुल्क लावलं तर बँकेला ते परत करून वर त्याच्या दुप्पट दंड तुम्हालाच द्यावा लागतो, हा नियम फोनवर सहज बोलून दाखवला की पलीकडचा आग्रह बराच ओसरतो.

'मी लगेच ब्लॉक करून टाकते' असं फोनवरच्या बाई म्हणाल्या तर त्यांना तिथे थांबवा. ब्लॉक म्हणजे व्यवहार थांबले. खातं चालू, फी चालू. आपल्याला हवं आहे ते खातं बंद करणं. तक्रार क्रमांकासारखा अर्जाचाही क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या.

बंद झालं हे कसं ओळखायचं

काही देणं नसेल तर अर्जापासून कामाच्या सात दिवसांत बँकेनं कार्ड बंद करून ईमेल-एसएमएसनं कळवायचं असतं. उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेनं ग्राहकाला द्यायचा असतो. दंड मोजताना सुट्टीचे दिवसही धरले जातात. कामाच्या आठव्या दिवशी आठवण करणाऱ्या ईमेलमध्ये या नियमाचा एका ओळीत उल्लेख करा, सूर मात्र शांत ठेवा. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटणारं आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा फोन नंबर आहे.

बंद झाल्याचा मेसेज आला की मग कात्री घ्या. चिप आणि मागची काळी पट्टी दोन्ही कापली गेली पाहिजेत. धातूचं कार्ड असेल तर घरची कात्री खराब करू नका, बँकेला विचारा. बिल भरण्यासाठी दुसऱ्या बँकेत ऑटो डेबिटची मंजुरी दिली असेल तर तीही रद्द करा. दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा बघा: त्या चौकोनात बंद झाल्याची तारीख आलेली हवी आणि देणं शून्य हवं. वर्षातला फुकट रिपोर्ट एका कंपनीकडे संपला असेल तर उरलेल्या तिघींपैकी एकीकडून घ्या. खातं अजून चालू दिसत असेल तर बँक आणि ती कंपनी, दोघांकडे तक्रार नोंदवा. तीही ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

मामांचं म्हणाल, तर त्यांच्याकडे आधीचं एक जुनं, बिनफीचं कार्ड होतं, कर्ज काढायचं नव्हतं आणि या कार्डाचं लिमिटही किरकोळ होतं. बंद करण्यात काही अडचण नव्हती. 'फी परत मागून बघा की' असं मी सुचवलं, काही बँका लगेच बंद करायला आलेल्या ग्राहकाची फी उलटवतात. पण ते म्हणाले, "नियमात आहे ना? मग देऊन टाकू." मुदतीच्या आत त्यांनी हिशोब नको म्हणून सरळ ६०० रुपये भरले. सोमवारी ईमेल, मंगळवारी गोड आवाजाचा फोन, त्यावर मामांचं कोल्हापुरी थाटातलं 'नको', आणि पुढच्या बुधवारी कार्ड बंद झाल्याचा एसएमएस.

जास्त भरलेली रक्कम कार्ड बंद झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात परत करावी लागते. पंधरवड्यानं मामांनी पासबुकाच्या पानाचा फोटो पाठवला. पेन्शनच्या ओळीखाली निळ्या शाईत गोल केलेली जमा होती: ११ रुपये १८ पैसे.